नऊ वाजताचं पाणी

आमच्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी.
वेळेचा भरवसा नाही. कधी पहाटे तीनला
आधी हवा फुसफुसते, मग कुणीतरी ओरडतं
आणि अख्खी गल्ली पिंपं सरकवू लागते.

म्हणून सिस्टर मेहजबीन जेव्हा म्हणाल्या,
"दंडात, कातडीखाली बसवायची ही कांडी,
काडेपेटीतल्या काडीहून आखूड,
आतलं औषध रोज थोडं थोडं झिरपणार, सहा महिने,"
तेव्हा अम्मा म्हणाली, "रोज? न चुकता?
मग कार्पोरेशनला द्या की एक."

सिस्टर हसल्या. अण्णाही हसला
तोंडावर हात ठेवून,
आवाज कुणी ऐकू नये म्हणून.

मी मात्र कांडी या शब्दालाच अडलो.
मागावर जन्म गेला आमच्या बापाचा.
कांडी म्हणजे धोट्यात बसते ती,
सूत सोडत सोडत इकडून तिकडे पळते,
संपली की नुसतं लाकूड उरतं.
ही संपली की काय उरणार, मी विचारलं.
डॉक्टर म्हणाले, काहीच नाही.
ताक आंबवणारं एक आम्ल, त्याच्याच जातीचं दुसरं,
उसातसुद्धा सापडतं म्हणे,
दोन्ही एकमेकांत ओवून केलीय ही.
औषध सोडता सोडता स्वतःही विरत जाते.
थोडं पाणी होतं, थोडी श्वासातून जाते.
काढायला परत चिरावं लागत नाही.

विरते. हा शब्द आम्ही धोतराला वापरतो,
चौदा वर्षं वापरलेल्या चादरीला.

त्याआधीची सात वर्षं गोळ्यांची.
अम्मा हजार विड्या न चुकता मोजायची,
पण एका गोळीचा हिशेब लागायचा नाही.
जिभेखाली, उशीच्या खोळीत,
एकदा तर विडीच्या पानांच्या कातरणात सापडल्या
अकरा, ओलसर, गुलाबी.
मग तिनं शेंगाचटणीत कुटून दिल्या.
अण्णाला तिसऱ्या घासाला कळलं.
बोलला काही नाही. ताट सरकवलं.
तेव्हापासून घरची चटणी तो खात नाही,
सोलापुरात राहून.

या वेळी डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, आम्हाला नाही.
तासभर विचारलं. त्यानंही विचारलं:
दुखेल का, नको वाटलं तर काढता येईल का,
भिंतीतले लोक पुन्हा बोलले तर कुणाला सांगायचं.
सही स्वतः केली. तेलुगूत.
बाहेर आल्यावर मला म्हणाला,
"आता कुणी विचारणार नाही,
घेतलीस का, घेतलीस का."

अम्मानं ते ऐकलं.
पदरानं रिक्षाची सीट पुसली उगाचच.

आता चौथा महिना.
अण्णा टॉवेलांना किनार शिवतो, दुपारपर्यंत.
भिंत बोलते अजून, म्हणतो, पण लांबून,
शेजारच्या घरातला टीव्ही चालू असावा तशी.
दंड चाचपला तर आधी बोटाला लागायचं काहीतरी.
आता शोधावं लागतं.

अडचण अम्माची झालीय.
रात्री नऊ वाजले की ती उठते,
पितळी लोट्यात पाणी घेते,
दारापर्यंत जाते, आणि मग
हातात द्यायला काही नाही हे तिच्या लक्षात येतं.
सात वर्षं त्या गोळीच्या निमित्तानं
ती लेकाशेजारी पाच मिनिटं बसत होती.
भांडायची, विनवायची, पण बसायची.
ते निमित्तही विरलं.

काल मी पाहिलं.
ती उंबऱ्यात तशीच उभी, लोटा धरून.
अण्णानं शिलाई थांबवली.
पाणी घेतलं. प्याला. नुसतं पाणी.
मग सवयीनं तोंड उघडून
जीभ वर करून दाखवली तिला,
आधी दाखवायचा तशी.
ती म्हणाली, "बंद कर, वेड्या."
आणि दचकली, तो शब्द तोंडातून गेला म्हणून.
तो हसत होता. हात तोंडावर नव्हता.

पहाटे नळ आला.
दोघं पिंपाचा एकेक कान धरून चालत होती.
मी म्हटलं, अण्णा, डाव्या हातानं नको.
त्याला बहुतेक ऐकूच गेलं नाही.